चित्रपटव्यवसायातील पशुशिक्षक : निर्बंध आणि कौशल्य

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, नट आणि छायालेखक यांचा परामर्श विस्ताराने घेतला गेला आहे. पशुशिक्षकाचा मात्र क्वचितच. याचे कारण त्याच्या कार्याच्या स्वरूपातच सापडते. सर्कशीत शिक्षक रिंगणात उभा असतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस काढली, तेव्हा त्यांचे अश्वविद्येतील नैपुण्य प्रेक्षक प्रत्यक्ष पाहत होते. पडद्यावरील प्राणी मात्र स्वयंप्रेरणेने वागतो असे भासावे लागते, आणि त्यासाठी शिक्षकास चौकटीबाहेर राहावे लागते. परिणामी त्याचे कौशल्य अदृश्य राहिले. आणि जेथे कौशल्याऐवजी क्रौर्य वापरले गेले, तेथे तेही अदृश्यच राहिले.

मूकपटाच्या काळात शिक्षकाचे काम तुलनेने सुकर होते. फ्रान्समधील लोरेन प्रांतात १९१८ साली ली डंकन या अमेरिकन सैनिकास सापडलेले रिन टिन टिन हे पिल्लू पुढे वॉर्नर ब्रदर्सच्या मूकपटांचे नायक झाले. अशा चित्रणात मोठ्याने आज्ञा दिली तरी बिघडत नसे. बोलपट आल्यावर ही सोय नाहीशी झाली आणि हाताच्या खुणांवर भिस्त ठेवणे भाग पडले. १९४३ च्या ‘लॅसी कम होम’ मध्ये मादीची भूमिका करणारा पाल हा नर कुत्रा रड वेदरवॅक्स यांनी तयार केलेला होता.

घोड्यांच्या बाबतीत वस्तुस्थिती निराळी होती. युद्धपटांत आणि पश्चिमपटांत धावता घोडा कोसळलेला दाखविण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांना तारा बांधून त्यांची दुसरी टोके जमिनीत पुरलेल्या खुंटास जखडीत. तारेची लांबी संपताच पाय खेचले जात आणि घोडा तोंडघशी पडे. या युक्तीस शिक्षणाची गरज नव्हती, वेळ लागत नव्हता. किंमत घोडा देत असे. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) च्या चित्रणात अनेक घोडे दगावले. ब्रिटनने १९३७ च्या कायद्याने, प्राण्यांना क्रूरपणे वेदना वा भय देऊन घेतलेली दृश्ये दाखविण्यास मनाई केली. ‘जेसी जेम्स’ (१९३९) साठी कड्यावरून पाण्यात लोटलेला घोडा मेल्यानंतर लोकक्षोभ उसळला आणि १९४० साली अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनचे कार्यालय हॉलिवुडमध्ये उघडले.

तारेवर निर्बंध आल्यामुळे शिक्षित घोड्याचे महत्त्व वाढले. लगामाने मान एका बाजूस वळविताच पोखरून मऊ केलेल्या जमिनीवर कुशीवर पडण्यास घोड्याला शिकविणे हे दीर्घ सरावाचे काम होय. तार स्वस्त असेपर्यंत या विद्येस बाजारात फारसे मोल नव्हते. १९६६ नंतर संस्थेचा देखरेखीचा अधिकार संपुष्टात आला आणि तारांचा वापर पुन्हा डोके वर काढू लागला. १९८० साली नटसंघाच्या करारान्वये तो अधिकार पुनःस्थापित झाला. केवळ कलेच्या प्रगतीने क्रौर्य मागे हटले, असे या घटनाक्रमावरून म्हणता येत नाही.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने खेळ करणाऱ्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक ठरविली. परंतु त्यातील ‘प्रदर्शन’ या संज्ञेची व्याख्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांशी निगडित होती. चित्रीकरणस्थळी असा प्रेक्षक नसतो. २००१ च्या नियमांनी चित्रपटाचा स्पष्ट उल्लेख करून ही उणीव भरून काढली. तत्पूर्वी १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळांसाठी शिकविणे व दाखविणे निषिद्ध केले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती बंदी ग्राह्य धरली.

येथे दोन देशांतील भेद लक्षणीय ठरतो. अमेरिकेत तार गेली तेव्हा तिची जागा शिक्षकाने घेतली. भारतात या पाच प्राण्यांपुरते शिक्षणच बंद झाले. दरवेशी आणि मदारी यांच्या पिढीजात पेशातील क्रौर्य नाकारता येत नाही. परंतु त्यांच्यापाशी असलेले प्राण्यांच्या स्वभावाचे ज्ञान पुढे कोणत्या उपयोगास यावे, या प्रश्नाचे उत्तर बंदीच्या तरतुदीत नाही. प्राण्याची सुटका आणि त्या ज्ञानाचे जतन हे दोन स्वतंत्र प्रश्न होत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते स्वतंत्रपणेच तपासले पाहिजेत.