‘लिटल सीझर’ आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन

१९३१ च्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सचा ‘लिटल सीझर’ हा बोलपट न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेत दारूबंदी १९२० पासून लागू होती आणि चोरट्या दारूच्या पैशावर पोसलेल्या टोळ्यांच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरून जात असत. शिकागोच्या अल कपोनला प्राप्तिकर चुकवल्याबद्दल शिक्षा झाली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या १९२९ मधील कादंबरीवर मर्व्हिन लरॉय यांनी बेतलेल्या या चित्रपटाने टोळीपटांचा साचा घालून दिला, असे अनेक अभ्यासक मानतात. मला मात्र त्यातला नायक आणि तो रंगवणारा नट यांच्यातील नाते अधिक विचार करण्याजोगे वाटते.

चित्रपटातील रिको बँडेलो हा इटालियन वंशाचा भुरटा दरोडेखोर. पेट्रोल पंप लुटून तो एका साध्या उपाहारगृहात जेवायला बसतो आणि एका बड्या गुंडाच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीची बातमी वाचतो. तेथेच त्याचे भवितव्य ठरते. रिको दारूला शिवत नाही, स्त्रियांच्या नादी लागत नाही, पैशाचाही त्याला विशेष मोह नाही. त्याला हवी असते ती प्रतिष्ठा. पुढे त्याच्याही सन्मानार्थ मेजवानी झडते, त्याला सोन्याचे घड्याळ भेट मिळते. ते चोरीचे निघते! जिवलग मित्रावर पिस्तूल रोखूनही त्याला चाप ओढवत नाही, आणि तेथून त्याची घसरण सुरू होते. शेवटी फुटक्या नशिबाच्या माणसांच्या एका स्वस्त निवाऱ्यात तो दारू पीत पडलेला असताना, पोलीस अधिकाऱ्याने आपल्याला भित्रा म्हटल्याचे वृत्तपत्रातून त्याच्या कानी पडते. हा अपमान त्याला सोसवत नाही. तो पोलिसांना दूरध्वनी करतो, त्यावरून त्याचा माग लागतो आणि जाहिरातीच्या एका मोठ्या फलकामागे तो मशीनगनच्या गोळ्यांना बळी पडतो. फलकावर त्याच मित्राच्या नृत्याची जाहिरात असते.

हा रिको साकारणाऱ्या नटाचे मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. जन्म १८९३ चा, रुमानियातील बुखारेस्टचा. घरची भाषा यिडिश. ज्यूद्वेष्ट्या जमावाने एका भावाला मारहाण केल्यानंतर कुटुंबाने देश सोडला आणि दहा वर्षांचा इमॅन्युएल न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत येऊन पडला. सिटी कॉलेजात शिकताना नाटकाचे वेड लागले. रंगभूमीसाठी त्याने एडवर्ड रॉबिन्सन हे इंग्रजी वळणाचे नाव घेतले, पण मध्ये ‘जी’ हे अक्षर राखले. हा ‘जी’ गोल्डनबर्गचा. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना त्या एका अक्षराचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षातील रॉबिन्सन अनेक भाषा जाणणारे, चित्रकलेचे जाणकार संग्राहक होते. पिस्तुलाचा बार होताच त्यांचे डोळे मिटत, म्हणून चित्रीकरणात त्यांच्या पापण्यांना चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या, असे सांगतात. तरीही रिकोची ती अधीर भूक त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खरी दिसते, याचे कारण मला त्यांच्या बालपणात दिसते. दारातून आत घेतले जावे ही इच्छा त्यांना परकी नव्हती.

हिटलरच्या उदयानंतर त्यांनी नाझीविरोधी संस्थांना सढळ हाताने देणग्या दिल्या. १९३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’मध्ये त्यांनी नाझी हेरांचा शोध घेणारा सरकारी अधिकारी रंगवला. १९४४ मध्ये नॉर्मंडीत जाऊन सैनिकांसमोर कार्यक्रम केले. युद्ध संपले, वारे फिरले आणि त्याच देणग्या संशयास्पद ठरल्या. संबंधित संस्थांपैकी काहींत कम्युनिस्ट होते. पटकथालेखक डाल्टन ट्रंबो यांच्या कुटुंबाला दिलेले २,५०० डॉलरही त्यांच्या विरोधात मोजले गेले. १९५० आणि १९५२ मध्ये त्यांनी देशविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे साक्षी दिल्या. आपण कम्युनिस्ट नव्हतो, हे सांगून भागेना. अखेर आपण फसवले गेलो असे त्यांनी म्हटले, काही नावेही घेतली. हे त्यांचे वर्तन मला खटकते. पण शासकीय सेवेत चारित्र्य पडताळणीच्या फायली हाताळल्यामुळे एक गोष्ट ठाऊक आहे: शेरा मारायला एक ओळ पुरते, तो पुसण्याची रीत मात्र कोणत्याच नियमपुस्तिकेत सापडत नाही. ज्याने पडद्यावर पोलिसांच्या एका शब्दासाठी प्राण दिले, त्याला प्रत्यक्षात आपल्या निष्ठेचा दाखला मिळवण्यासाठी पुन्हापुन्हा समितीचे दार ठोठवावे लागले.

मोठ्या भूमिका आटल्या. १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये सेसिल डिमिल यांनी त्यांना घेतले, तेव्हा कोठे दार पुन्हा उघडले, आणि हे डिमिल कट्टर कम्युनिस्टविरोधी होते! १९५७ मध्ये घटस्फोटापायी त्यांना आपला चित्रसंग्रह ग्रीक जहाजमालक निआर्कोस यांना विकावा लागला.

इतक्या वर्षांत ऑस्करसाठी त्यांचे नामांकन एकदाही झाले नाही. सन्माननीय ऑस्कर जाहीर झाले तेव्हा ते आजारी होते. २६ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. मार्चमधील समारंभात ते पारितोषिक त्यांच्या पत्नीने स्वीकारले.