अमळनेरचा भोंगा

गोंदियाजवळच्या बिरसीत तुम्ही उभे आहात. चहूकडे धानाच्या बांध्या. हा मुलूख भाताचा. सुताच्या गिरणीचं गाव बघायचं तर पश्चिमेची गाडी धरा. वर्धा मागे पडलं की शिवारात कापूसच कापूस. जळगावला सुरतेच्या गाडीत बसा आणि अमळनेरला उतरा. काळातही मागे जा: साल 1906.

बोरी नदीकाठचं हे गाव आजवर सखाराम महाराजांचं. वैशाखात त्यांचा रथ निघतो तेव्हा सारा खानदेश इथे लोटतो. आता मोतीलाल माणेकचंद, म्हणजे सगळ्यांचे प्रतापशेठ, यांनी इथे गिरणी काढली आहे. आजूबाजूच्या रानात पिकणारा कापूस गाठी बांधून बाहेर जायचा आणि कापड होऊन परत यायचा. तापी खोऱ्यात रेल्वे आली, यंत्रं नि कोळसा गावात उतरू लागला, आणि कापड इथेच विणता येऊ लागलं.

पहाटेचा भोंगा झाला. पाळीवाल्यांबरोबर साळखात्यात शिरा. साच्यांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी हातवाऱ्यांनीच बोलायचं. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून आत सदा दमट उकाडा. एका विणकराजवळ थांबा. धोट्यातली कांडी संपली. तो साचा थांबवतो, नवी कांडी घालतो, धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढून सुताचं टोक बाहेर काढतो. सुताबरोबर कापसाची भुकटी छातीत जाते. साचा पुन्हा चालू. थोड्या वेळाने पुन्हा तेच, पाळी सुटेपर्यंत.

आता 1916 मध्ये या. गिरणीच्या पैशातून प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आहे. तालुक्याच्या गावी वेदान्ताचा अभ्यास करायला पाठ्यवृत्ती मिळते, पुढे 1925 पासून इथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिकही निघू लागतं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्ववेत्ता 1930 नंतर इथे येऊन राहिला. मला या गावाचं खरं अप्रूप वाटतं ते इथेच. धोट्याला ओठ लावणारा माणूस आणि ब्रह्म सत्य की जगत सत्य यावर वाद घालणारा पंडित, दोघांची चूल एकाच गिरणीवर पेटत होती.

त्या मंदिरात शिकायला आलेला एक कोकणी तरुण 1924 मध्ये इथल्या शाळेत मास्तर झाला. वसतिगृहात डोकावा: साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढताहेत. 1930 मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांची संघटनाही त्यांनी बांधली. गुरुजी म्हटलं की आपल्याला हळवी आई आठवते. अमळनेरात त्यांच्याकडे मजुरीचं गाऱ्हाणं घेऊन येणारा कामगारही आठवायला हवा.

1945 च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच पुढची विप्रो. गावातल्या कित्येक घरांनी तिचे शेअर घेतले, जपले, आणि त्यांचं नशीब पालटलं. ही गोष्ट अमळनेरकर मोठ्या हौसेने सांगतात, आणि सांगावीच.

2024 च्या फेब्रुवारीत या. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात 97 वं मराठी साहित्य संमेलन भरलं आहे, नगरीला नाव साने गुरुजींचं. गिरणीचा भोंगा कधीच थांबला. पुस्तकांची खरेदी झाली की गावात एक चक्कर मारा. शेअरवाल्या घरांचे पत्ते कुणीही देईल. तुम्ही मात्र साळखात्यात राबलेल्यांची घरं विचारा, ओट्यावर बसा आणि वही काढा. किती साचे सांभाळायचात? बदलीवरून कायम व्हायला किती वर्षं लागली? गिरणी बंद पडल्यावर पोटापाण्याचं काय केलंत? आणि हा खोकला कधीपासूनचा?