अंजीर : परसबागेतील पुनर्लागवड आणि छाटणी

पुरंदर व दौंड तालुक्यांत बागेत पिकणारे ‘पूना अंजीर’ परसातही चांगले येते. फळधारणेसाठी दुसऱ्या झाडाची गरज नसते. फळे मुख्यतः नवीन फुटीवर, पानांच्या बगलेत लागतात. त्यामुळे छाटणी न केलेले झाड उंच वाढते, आतून मोकळे पडते आणि फळे हात न पुरणाऱ्या शेंड्यांवर लागतात.

पुनर्लागवड

- जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे.
- जागा भरपूर उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी असावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात. मुळे दूरवर पसरतात, म्हणून भिंत व पाण्याच्या टाकीपासून किमान ३ मीटर अंतर ठेवावे.
- २ × २ × २ फुटांचा खड्डा माती व कुजलेल्या शेणखताने भरावा.
- पिशवीतील मातीचा गड्डा फुटू देऊ नये. लावल्यावर काठीचा आधार द्यावा.
- एक-दोन वर्षांचे झाड हलवायचे असल्यास मोठ्या गड्ड्यासह काढावे. मुळे तुटतात, म्हणून फांद्याही एक तृतीयांश कमी कराव्यात.

वळण

रोप सुमारे अडीच फुटांचे झाल्यावर शेंडा खुडावा. चारही दिशांना ४-५ जोमदार फांद्या ठेवाव्यात. बुंध्यालगतची फूट वेळोवेळी काढावी.

वार्षिक छाटणी

परसबागेसाठी मीठा बहार सोयीचा ठरतो. त्याची फळे उन्हाळ्यात, कोरड्या हवेत पिकतात आणि गोड होतात.

१. पावसाळा संपताच पाणी तोडून झाडाला ताण द्यावा. पाने पिवळी पडून गळू लागतात.
२. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत छाटणी करावी. मागील हंगामाच्या फांदीचा शेंड्याकडील एक तृतीयांश भाग डोळ्याच्या थोडे वर कापावा.
३. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात.
४. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (१०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी) लावावी. ती प्लास्टिकच्या भांड्यातच तयार करावी.
५. शेणखत देऊन पाणी सुरू करावे. साधारण ४ ते ५ महिन्यांत फळे मिळू लागतात.

काळजी

अंजिराच्या चिकाने त्वचेला खाज येते, हातमोजे घालावेत. पानांखाली तांबूस पुटकुळ्या दिसल्यास तो तांबेरा समजावा. गळालेली पाने गोळा करून नष्ट करावीत. छाटलेल्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या टाकू नयेत. ४-५ डोळ्यांचे तुकडे पिशवीत लावल्यास पुढच्या पावसाळ्यासाठी रोपे तयार होतात.