बंगला ते हॉटेल : माथेरानमधील आंग्ल वास्तूंचे रूपांतर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील उमरावांची ग्रामीण निवासस्थाने वैभवाच्या शिखरावर होती. थेम्स नदीकाठचा क्लाइव्हडेन हा प्रासाद १८४९ च्या आगीनंतर वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांनी १८५१ च्या सुमारास नव्याने उभारला. इटालियन पद्धतीचा दर्शनी भाग, विस्तीर्ण गच्ची आणि खाली पसरलेली उद्याने यांतून मालकाच्या जमीनदारीचे प्रदर्शन घडत असे. नेमक्या याच काळात सह्याद्रीतील माथेरानच्या पठारावर इंग्रज अधिकारी घरे बांधू लागले. घर रानाच्या सान्निध्यात असावे, ही आवड त्यांनी मायदेशातून आणली होती. तिला आकार मात्र येथील पावसाने, दगडाने आणि श्रमाने दिला.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले. त्यानंतर त्यांनी बांधलेले ‘बाइक’ आणि कॅप्टन बार यांचे ‘बार हाउस’ ही माथेरानच्या आरंभीच्या घरांपैकी होत. पुढे १८५५ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे निवासाची जागा निवडली आणि या स्थळास प्रतिष्ठा लाभली.

या घरांच्या रचनेत प्रासादाचा डौल नाही. वर गाडीरस्ता नसल्याने सामान माणसांच्या डोक्यावरून किंवा जनावरांच्या पाठीवरून आणावे लागे. त्यामुळे डोंगरावरचाच जांभा दगड बांधकामास सोयीचा ठरला. मुसळधार पावसासाठी उतरते छप्पर आणि ओल टाळण्यासाठी उंच जोते आवश्यक होते. उमरावाच्या प्रासादात जे स्थान दिवाणखान्याला, ते येथे व्हरांड्याला मिळाले. कोकणातील घराच्या ओटी-पडवीशी त्याचे नाते उघड आहे. ऊन-पावसापासून आडोसा देणारी, घर आणि अंगण यांना जोडणारी ही जागा इंग्रजांची निर्मिती नव्हे. किंबहुना ‘बंगला’ ही संज्ञाच बंगालमधील घरावरून आलेली आहे. या वास्तूंना केवळ ‘इंग्रजी’ म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली आणि पठार मुंबईकरांच्या आवाक्यात आले. वर्षातील मोजक्या महिन्यांपुरते वापरले जाणारे खाजगी बंगले सांभाळणे खर्चाचे होते. पाहुण्यांची वर्दळ मात्र वाढत होती. कालांतराने ‘बाइक’चे हॉटेल झाले, तर ‘बार हाउस’ ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने पाहुण्यांसाठी खुले झाले. या दुसऱ्या नावातच वास्तूचे मर्म आले आहे. क्लाइव्हडेनची वाटचालही फार वेगळी नाही. १९४२ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे गेला आणि १९८० च्या दशकात तेथे हॉटेल सुरू झाले. जमिनीच्या उत्पन्नावर उभा असलेला प्रासाद आणि सुटीपुरता वापरला जाणारा बंगला, दोहोंना अखेर पाहुण्यांनीच तारले.

तथापि, या तारण्याला किंमत असते. हॉटेलला खोल्या वाढवाव्या लागतात, प्रत्येक खोलीस स्नानगृह जोडावे लागते. उघडा व्हरांडा बंदिस्त करण्याचा मोहही होतो. २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केला. त्यामुळे नव्या बांधकामांवर मर्यादा आल्या. परंतु छप्पर आणि भिंती राखल्या तरी व्हरांडा आणि रान यांच्यामधले मोकळेपण नाहीसे झाल्यास वास्तूचा अर्थच हरपतो. जतनाचा विचार तेथूनच सुरू व्हावयास हवा.

मॅलेट आणि बार यांची नावे या पठाराच्या इतिहासात टिकली. दगड फोडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या हातांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. धनगर, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती या डोंगराच्या परिसरात इंग्रजांच्या आधीपासून होती. पाहुण्यांना सांगितला जाणारा इतिहास त्यांच्यापासून सुरू झाला, तरच तो या वास्तूंना न्याय देणारा ठरेल.