रिकामे काडतूस

उडालेले काडतूस घरी पुन्हा भरून चार डॉलर वाचविण्याचा नाद अमेरिकेत पुष्कळांना आहे. त्यांची सोय एका भोकाने केली, असे मी म्हणेन. इंग्रज बॉक्सरच्या धर्तीच्या काडतुसाला बुडाशी मधोमध एकच भोक. जुनी टोपी सुईने ढकलली की निघते. गंमत अशी, की ही तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची युरोपने! १८८४ साली बार्लोने न्यू हेवनला या कामाचे हातचिमटे काढले.

काटकसर मात्र त्याआधीची. १८७० नंतर पठारावरचे बायसनचे शिकारी पितळ जपून ठेवीत, तळावरच शिसे ओतीत, नळ्या भरीत. कातडे विकायचे, तर गोळी स्वस्तच पडली पाहिजे. १८८९ साली हॉर्नडेने मोजदाद मांडली, तेव्हा उत्तर अमेरिकेत बायसन उरले होते जेमतेम हजारावर.