खानदेशातील मासेमारीचे हक्क आणि पाणवठ्याचा काठ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खानदेशच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, केळी, रेल्वे आणि फड बागायत या विषयांभोवती झालेले आहे. पाण्याचा इतिहासही बहुधा सिंचनाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या नद्यांच्या पाण्यावर शेतीखेरीज आणखी एका व्यवसायाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून राहिली आहे. तो व्यवसाय म्हणजे मासेमारी. भोई आणि कोळी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय. भिल्ल, पावरा आदी आदिवासींच्या दृष्टीने तो अन्नाचा एक भाग. या लोकांच्या हक्कांची नोंद मात्र अभ्यासकांनी फारशी घेतलेली दिसत नाही.

खानदेशातील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांची पात्रे कोरडी पडून केवळ डोहांत पाणी शिल्लक राहते. मासळीही याच डोहांत एकवटते. त्यामुळे मासेमारी करणाऱ्यास संपूर्ण नदीपेक्षा एखाद्या डोहापर्यंत पोहोचण्याची वाट अधिक महत्त्वाची ठरते, आणि ती वाट पुष्कळदा कोणाच्या तरी शेतातून जाते. पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एकोणिसाव्या शतकातच दिले. परंतु पाण्यापर्यंत कोणाच्या जमिनीवरून जावयाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी मोकळा सोडला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रयतवारी आणि पाण्याची मालकी

१८१८ साली खानदेश ब्रिटिश अमलाखाली आला आणि पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धती येथे स्थिरावली. रयतवारीत सरकार व शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार नव्हता. याचा परिणाम पाण्यावरही झाला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमातील कलम ३७ अन्वये नद्या, ओढे, नाले, सरोवरे व तलाव यांची पात्रे आणि साचलेले वा वाहते पाणी, जेथे ते खाजगी व्यक्तीच्या मालकीचे असल्याचे सिद्ध होत नसेल तेथे, सरकारची मालमत्ता ठरले. हीच तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० मध्ये कायम राहिली.

इतर प्रांतांतील परिस्थितीशी तुलना केल्यास या तरतुदीचे महत्त्व ध्यानात येते. बिहारमध्ये भागलपूर परिसरात सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या गंगेच्या पट्ट्यावर दोन घराण्यांची ‘पानीदारी’ होती. वाहत्या नदीवरील ही जमीनदारी स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. १९८२ साली कहलगाव येथून मच्छीमारांचे गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले आणि १९९१ साली ती संपुष्टात आली. महाराष्ट्रातच भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांतील मालगुजारी तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते शासनाकडे आले आणि तेथील ढीवर समाजाचा व्यवहार मालगुजाराऐवजी शासनाशी सुरू झाला. खानदेशातील भोयाला असा पाण्याचा धनी कधी ठळकपणे समोर दिसला नाही. म्हणूनच कदाचित येथे पानीदारीविरोधी लढ्यासारखा लढा उभा राहिला नाही. विरोध करावयाचा तर तो एका व्यक्तीला नव्हे, तर काठावरच्या असंख्य लहान-मोठ्या खातेदारांना करावा लागला असता, आणि हे खातेदार त्याच्याच गावचे होते.

सुविधाधिकार : हक्क कोणाला?

दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा वा तेथील वस्तू घेण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ने नियमित केला. मुंबई इलाख्यास हा अधिनियम १८९१ साली लागू झाला. त्याच्या कलम ४ खालील एका उदाहरणात मासळीचा स्पष्ट उल्लेख आहे. घर व शेत यांचा मालक असलेल्या व्यक्तीस आपल्या घरातील वापरासाठी दुसऱ्याच्या तलावातून पाणी किंवा मासे घेण्याचा हक्क असू शकतो, असे ते उदाहरण सांगते. वरवर पाहता ही तरतूद मच्छीमाराच्या बाजूची वाटते. परंतु सुविधाधिकार हा व्यक्तीला नव्हे, तर एखाद्या मिळकतीच्या लाभासाठी तिच्या मालकाला मिळतो. ज्याच्याकडे शेत नाही, जो मासळी घरच्या चुलीसाठी नव्हे तर बाजारासाठी धरतो, त्या भूमिहीन भोयाच्या गरजेशी हे उदाहरण जुळत नाही. त्याच्या वाट्याला उरतो तो रूढीने प्राप्त झालेला हक्क. हा हक्क अधिनियमाने नाकारला नाही, पण तो सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर राहिला. ज्यांचे व्यवहार कागदावर नोंदलेच गेले नाहीत, त्यांच्याकडून पुराव्याची अपेक्षा करणारी ही रचना होती.

काठाची मालकी आणि महाडचा निवाडा

काठाच्या मालकीमुळे पाण्यावर हक्क प्राप्त होतो काय, या प्रश्नाची मराठी मुलखातील सर्वांत गंभीर न्यायालयीन चर्चा मासेमारीच्या नव्हे, तर पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात झाली. खानदेशाबाहेरील हे प्रकरण येथे विचारात घेणे त्याकरिता अपरिहार्य आहे. मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झालेल्या बोले ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुले व्हावयाचे होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर सत्याग्रह झाल्यानंतर स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूमही मिळविला.

या दाव्याच्या सामाजिक बाजूविषयी विपुल लेखन झाले आहे. त्याची भौगोलिक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. तळे सुमारे चार ते पाच एकरांचे. त्याच्या चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे मुख्यतः स्पृश्य हिंदूंची घरे. यांपैकी अनेक घरमालकांच्या मालकीचे जमिनीचे अरुंद पट्टे, पाण्यात उतरण्याच्या पायऱ्या आणि बांधीव काठ तळ्याच्या कडेला होते. दावेदारांचे म्हणणे, तळे आपले आहे आणि इतरांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे होते. तळे नगरपालिकेकडे निहित असल्याचे न्यायालयात ठरले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, या कारणास्तव दावेदारांचे अपील फेटाळले. सत्याग्रहापासून या निर्णयापर्यंत दहा वर्षे गेली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या निवाड्यातून दोन बाबी निष्पन्न होतात. काठावर घर, पायरी अथवा जमिनीचा पट्टा असला तरी तेवढ्याने पाण्याची मालकी येत नाही, ही पहिली. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. महाडला तळ्याभोवती सार्वजनिक रस्ते होते, म्हणून ‘पाणी सार्वजनिक’ या निष्कर्षाला व्यवहारात काही अर्थ प्राप्त होऊ शकत होता. नदीकाठच्या डोहाभोवती नगरपालिकेचे रस्ते नसतात. शेताचा बांध थेट पात्राला भिडलेला असतो. तेथे पाणी सार्वजनिक असूनही पोहोचण्याजोगे असेलच असे नाही.

मत्स्यविषयक कायदे आणि मामलतदाराचे न्यायालय

फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांविषयीचा अहवाल सादर केला. अनिर्बंध मासेमारीमुळे मत्स्यसंपत्तीचा ऱ्हास होत असल्याची चिंता त्यात होती. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम आला. त्याने सुरुंगाने व विष कालवून मासे मारणे दंडनीय केले. सातपुड्यातील आदिवासींमध्ये वनस्पतींच्या साहाय्याने मासे गुंगविण्याची पद्धत होती; या कायद्याने ती गुन्ह्याच्या कक्षेत आणली. खाजगी पाण्याविषयी मात्र हाच कायदा विलक्षण हळवा होता. तेथे शासनाचे नियम लागू करावयाचे तर मालकाची लेखी संमती आवश्यक होती. शिवाय इतरांना तेथे रूढीने मासेमारीचा हक्क असला, तरी केवळ त्यामुळे ते पाणी ‘खाजगी’ असण्याचे थांबत नाही, असेही स्पष्टीकरण त्यात होते. मासळीचे संरक्षण हा कायद्याचा उद्देश होता. मच्छीमाराचे संरक्षण हा नव्हता.

१९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम हा या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरू शकणारा कायदा होय. आजही बांध, वहिवाटीचा रस्ता, अडविलेले पाणी यांविषयी ग्रामीण भागातील तक्रारी याच कायद्याखाली तहसीलदारांपुढे येतात. त्याच्या कलम ५ मध्ये बेकायदेशीरपणे ताबा हिरावला गेल्यास जो परत मिळवून देता येतो, त्या मालमत्तांच्या यादीत शेती, चराई, झाडे व पिके यांच्या जोडीला मासेमारीच्या जागांचाही उल्लेख आहे. मात्र त्याच कलमात विहीर, तलाव वा पाटाच्या पाण्याचा वापर पुन्हा मिळवून देण्याची तरतूद केवळ शेतीसाठी होणाऱ्या वापरापुरती आहे, आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. एकाच कलमात मासेमारीला स्थान मिळते आणि पाण्याच्या वापराबाबत ती वगळलीही जाते, ही विसंगती लक्षणीय आहे.

मासेमारीच्या हक्काचे स्वरूप सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली ओरिसातील चिल्का सरोवराच्या प्रकरणात स्पष्ट केले. मासे धरून नेण्याचा हक्क म्हणजे जमिनीत प्रवेश करण्याची परवानगी आणि मासे नेण्याचे अनुदान यांची जोड होय, असे न्यायालयाने मानले. प्रवेश हा या हक्काचा अविभाज्य घटक असल्याची ही कबुलीच होती. परंतु तो प्रवेश हक्क देणाऱ्याच्या जमिनीतील आहे. शासनाने पाणी ठेक्याने दिले, तरी मधल्या खातेदाराच्या शेतातून जाण्याची परवानगी शासनाला देता येते, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

धरणांचा काळ

१९६० साली पूर्व व पश्चिम खानदेश अनुक्रमे जळगाव व धुळे जिल्हे झाले. त्यानंतरच्या काही दशकांत गिरणा (१९६९), हतनूर (१९८२) आणि इतर मध्यम प्रकल्पांमुळे पाण्याचा भूगोल पालटला. डोहांची जागा जलाशयांनी घेतली. मासेमारी ठेक्यावर आणि सहकारी संस्थांच्या मार्फत होऊ लागली. १८९७ च्या कायद्याची जागा राज्याच्या १९६० च्या मत्स्य अधिनियमाने घेतली. पाण्यावरील हक्क आता प्रथमच कागदावर आला.

काठ मात्र अधिकच गुंतागुंतीचा झाला. जलाशयाचा काठ स्थिर नसतो. पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन शासनाने संपादित केलेली असते. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की उघडी पडणारी गाळपेर जमीन एकसाली भाडेपट्ट्याने लागवडीस दिली जाते आणि तीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी आकसून मासेमारी सुलभ होते, नेमक्या त्याच महिन्यांत पाणी आणि मच्छीमार यांच्यामध्ये उभे पीक येते. एकाच शासनाचे दोन विभाग एकाच पट्ट्यालगत दोन वेगवेगळ्या लोकांना हक्क देतात, आणि त्या दोघांमधील वाटेची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. गाळपेर करणारा स्वतः विस्थापित असू शकतो, ही या संघर्षातील अत्यंत दुःखद बाब होय. त्याला धनदांडगा काठमालक ठरविणे अन्यायाचे होईल. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांची गोष्ट वेगळी. तेथे काठालगतच्या जमिनीचे मोल उपसा सिंचनाने वाढलेले आहे आणि कुंपण घालण्याची ऐपतही आहे.

सातपुड्याच्या बाजूस अलीकडील कायद्यांनी काही बदल घडविला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपविले. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३ मध्ये जलाशयांतील मासे व अन्य उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्वतंत्रपणे नोंदविला गेला. परंपरेने वापर होत होता हे ग्रामसभेने ठरवावयाचे असून, त्यासाठी वडीलधाऱ्यांचे तोंडी कथनही पुरावा म्हणून स्वीकारले जाते. महाडच्या दाव्यात ‘अनादी काळ’ सिद्ध करण्याची जी कसोटी लावली गेली होती, तिच्या तुलनेत हा पालट मोठा आहे.

तथापि हा हक्क वनक्षेत्रापुरता आहे. यावल, चोपडा, शिरपूर व साक्री तालुक्यांतील डोंगराळ गावांना त्याचा आधार घेता येतो. त्याच तालुक्यांच्या सपाटीवरील भोई वा कोळी कुटुंबास, जेथे नदी वनातून बाहेर पडून शेतशिवारात शिरते तेथपासून, पुन्हा १९०६ च्या कायद्याचा आणि सहा महिन्यांच्या मुदतीचाच आश्रय घ्यावा लागतो.