मंगळावरचं सरकार आणि अंजनगावचा तह

विज्ञानकथेत सरकार उभं करायचं तर लेखक बहुतेक वेळा आधी त्याचं नाव ठरवतो. 'आंतरग्रहीय महासंघ', 'सर्वोच्च परिषद' वगैरे. मग झेंडा, मग गणवेश, मग एक दुष्ट अध्यक्ष. दिसायला हे सगळं छान दिसतं, पण त्या सरकारची ना भीती वाटते ना राग येतो. सारा कोण वसूल करतो, कर्ज कुणाच्या डोक्यावर आहे आणि तक्रार घेऊन जायचं कुठे, हे कळल्याशिवाय सरकार खरं वाटत नाही.

मी सध्या मंगळावरच्या एका वसाहतीच्या कथा लिहितोय. तिथलं सरकार रचायला मला फार लांब जावं लागलं नाही. माझं गाव अंजनगाव सुर्जी. सातपुड्याच्या पायथ्याचं, पानमळ्यांचं आणि पानपिंपरीचं. आमच्या वऱ्हाडात सव्वादोनशे वर्षं जो राज्यकारभार चालला, तो कथेत जसाच्या तसा उतरवला तर संपादक म्हणेल, 'हे जरा अतीच होतंय.'

सुरुवात दुअंमलापासून करू. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत पहिल्या निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि वऱ्हाड त्याच्या ताब्यात गेलं. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क बसवले. म्हणजे मुलूख निजामाचा, पण वसुलीला दोघांची माणसं. शेत एक, पीक एक, सरकारं दोन.

मग १८०३ साल उजाडलं. आसई, आडगाव आणि गाविलगड अशा तीन ठिकाणी मराठी फौजा हरल्या. भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावचा तह केला. ३० डिसेंबरला आमच्या गावी दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीसोबत तह केला. हाच वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्यांपैकी एक. या तहाने गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. दिल्लीच्या बादशहावरचा हक्कही सोडावा लागला.

आता समोर बसलेला पक्ष कोण होता ते बघा. ती एक कंपनी होती. लंडनमध्ये ऑफिस, भागधारक, वर्षाला लाभांश, आणि सोबत स्वतःची फौज. फौज बाळगणाऱ्या आणि ग्रह चालवणाऱ्या कंपन्या आज वेबसिरीजमध्ये भविष्यातली गोष्ट म्हणून दाखवतात. आमच्या गावाने तशी कंपनी १८०३ मध्येच पाहिली होती.

देवगावच्या तहात भोसल्यांकडून सुटलेलं वऱ्हाड कंपनीने आपल्या दोस्ताला, निजामाला दिलं. पण दोस्ताच्या रक्षणासाठी जी फौज उभी राहिली, तिचे अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, थकबाकीचं कर्ज झालं. १८५३ मध्ये डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड कारभारासाठी लावून घेतलं. लढाई नाही, वेढा नाही. सावकार शेत लावून घेतो तसा अख्खा प्रांत. मुलूखही ऐरागैरा नव्हे, काळ्या मातीचा आणि कापसाचा. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण उगीच पडलेली नाही.

निजामाचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं झगडले. मिळालं नाही. १९०२ मध्ये कर्झनने महबूब अली खान या निजामाशी करार केला: वर्षाला २५ लाख रुपये खंड, आणि वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे. निजामाचं सार्वभौमत्व मात्र शाबूत! पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

कथालेखकाला हवा असतो तो मसाला इथे आहे. कागदावर वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया' नव्हतंच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळा हुकूम काढून लावावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कौन्सिलसाठी वऱ्हाडातही निवडणूक होई. पण निवडून आलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या परमुलखाचा. म्हणून निकालानंतर सरकार त्याची 'नेमणूक' करी. लोकांनी मतं दिली, तरी कागदावर तो नेमलेलाच. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. राज्य नसलेल्या राज्याचा राजपुत्र.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांना माहीत असेल. तिचं इंग्रजी रूप 'द अॅडव्हेंचर' काहींनी अकरावीच्या पुस्तकात वाचलं असेल. त्या पर्यायी जगात मराठे पानिपत जिंकतात आणि इंग्रजांकडे मुंबई उरते, तीही १९०८ च्या करारानुसार २००१ पर्यंतच्या भाडेपट्ट्यावर. मला त्या कथेतला हा तपशील सगळ्यात जास्त पटतो. लढाईचा निकाल फिरवणं सोपं असतं. कराराला मुदत घालणारा लेखक मात्र आपलं जग आतून ओळखत असतो. वऱ्हाडचा खरा भाडेपट्टा तर मुदतीशिवायचा होता. इथे कल्पनेपेक्षा वास्तवच बेफाम निघालं. आयझॅक असिमोव्हनेही 'फाउंडेशन'साठी गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा आधार घेतला होता. आपल्याला रोमपर्यंतही जायला नको.

माझ्या मंगळावर म्हणूनच दुष्ट अध्यक्ष नाही. ग्रहाची मालकी पृथ्वीवरच्या एका घराण्याकडे आहे आणि कारभार कंपनीकडे. रक्षणाच्या फौजेचा पगार थकला, म्हणून प्राणवायूचा कारखाना गहाण पडला. नायिका निवडणूक जिंकते आणि तिच्या हातात नेमणुकीचं पत्र पडतं. पत्रावर सही कुणाची, यावर दोन वकील तासभर भांडतात. तेवढ्या वेळात तिच्या वस्तीतली हवा कमी होत जाते.

ही हवा कथेत आणायचं कारणही वऱ्हाडच आहे. १८०३, १८५३, १९०२, १९३६: चारही वेळा कागद झाले, शिक्के पडले, किताब वाटले गेले. ज्यांच्या शेतसाऱ्यावर हा सगळा खेळ चालला होता, त्या वऱ्हाडच्या माणसाला एकाही वेळी कुणी विचारलं नाही. 'सरकार कोनाचं हाय, बाप्पा?' या साध्या प्रश्नाला सरळ एकच उत्तर मिळालं ते २६ जानेवारी १९५० ला, राज्यघटना लागू झाली तेव्हा.

तुम्हीही कथेसाठी सरकार रचत असाल, तर झेंड्याचा रंग नंतर ठरवा. आधी आपल्या तालुक्याचं जुनं गॅझेटियर उघडा आणि तिथे सारा कोण घेत होतं ते बघा. मग तुमच्या ग्रहावरच्या एखाद्या बाईला तक्रारीचा अर्ज लिहायला बसवा. अर्जावर पहिली ओळ कुणाच्या नावाने घालायची, हे तिला ठरवू द्या. तिथे ती अडली की कथा सुरू झाली.